स्वर, शहर आणि सहृदय: किशोरी आमोणकर यांच्या रागरसविचाराची चिकित्सा

१

संगीतकाराच्या आध्यात्मिक भाषेविषयी मराठी समीक्षेने बहुधा दोनच भूमिका घेतल्या आहेत. स्वर ही साधना, मैफल ही पूजा, अशा आशयाची विधाने गौरवपर लेखनात जशीच्या तशी उतरतात. तेथे ती विचाराचे काम करीत नाहीत, केवळ आदराचे वातावरण निर्माण करतात. उलटपक्षी, संगीताचे रूपनिष्ठ विश्लेषण करू पाहणारा समीक्षक हीच विधाने कलावंताची खासगी श्रद्धा म्हणून बाजूला ठेवतो आणि राग, लय, बंदिश यांच्याकडे वळतो. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या भूमिकांत एक गोष्ट समान आहे. अशी विधाने संगीताविषयी काही प्रतिपादन करीत असतात आणि म्हणून त्यांची चिकित्सा होऊ शकते, हे दोघांनाही मान्य नसते.

किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांच्या बाबतीत ही टाळाटाळ परवडणारी नाही. आपल्या संगीतविषयक धारणा त्यांनी मुलाखती-व्याख्यानांपुरत्या ठेवल्या नाहीत. ‘स्वरार्थरमणी: रागरससिद्धान्त’ या मराठी ग्रंथातून त्यांनी त्यांना सिद्धान्ताचे रूप देण्याचा प्रयत्न केला. भरत-शार्ङ्गदेवांच्या परंपरेशी नाते सांगत, आजच्या ख्यालगायकीच्या अनुभवातून रसविचार पुन्हा मांडू पाहणारा गायक-कलावंत विरळाच. अशा कलावंताची आध्यात्मिक परिभाषा श्रद्धेचा उद्गार म्हणून सोडून देणे म्हणजे तिच्या विचारकर्तृत्वालाच नकार देणे होय.

या विचाराचा एक संदर्भ मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे मुंबई. आमोणकर मुंबईत जन्मल्या, तेथेच त्यांची तालीम झाली आणि तेथेच ३ एप्रिल २०१७ रोजी त्यांचे निधन झाले. आध्यात्मिक म्हटले की अरण्य, आश्रम किंवा देऊळ डोळ्यांपुढे येते आणि महानगर हे त्याच्या विरोधी टोकाला कल्पिले जाते. आमोणकर यांचे अध्यात्म शहराला न जुमानता टिकले, असेही म्हटले जाते. प्रस्तुत लेखात याहून वेगळे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यांच्या रागरसविचाराला जी निकड आहे ती महानगरातील संगीतव्यवहारानेच निर्माण केली, आणि त्या विचारातील सर्वांत अवघड प्रश्नही महानगरातील श्रोत्यानेच उपस्थित केला, असे ते प्रतिपादन आहे.

२

जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पदरी होते. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले आणि त्यानंतर खाँसाहेब मुंबईस आले. व्यक्तीच्या आयुष्यातील या स्थलांतरात एका व्यवस्थेचे संक्रमण सामावलेले आहे. दरबारात गायकाचा श्रोता ठरलेला असतो, त्याची योग्यता गृहीत असते आणि गायकाच्या प्रतिष्ठेचा हवाला राजसत्ता देते. मुंबईत यांपैकी काहीच गृहीत नव्हते. धनिकांच्या घरच्या बैठका, शिकवण्या, संगीतमंडळे, ध्वनिमुद्रिका, पुढे नभोवाणी आणि तिकीट लावून होणारे जलसे, अशा अनेक आधारांवर गायकाला आपले स्थान नव्याने रचावे लागले.

स्त्री-गायिकेच्या वाट्याला हे काम अधिक कठीण आले. गोव्यातील कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) नाटकमंडळ्यांतून या गायकीकडे आल्या. अल्लादियाखाँ आणि त्यांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडून त्यांनी विद्या घेतली. १९३९ मध्ये पती निवर्तल्यावर तीन मुलांना त्यांनी मुंबईत वाढविले. ज्या समाजात गाणाऱ्या स्त्रीच्या कलेचे कौतुक होई त्याच समाजात तिच्या प्रतिष्ठेविषयी मात्र मौन पाळले जाई. आईच्या मागे तंबोऱ्यावर बसणाऱ्या मुलीने हे जवळून पाहिले. आईला मिळणारी अपुरी बिदागी आणि दौऱ्यांत तिच्या वाट्याला येणारी अनास्थेची वागणूक यांविषयी आमोणकर यांनी पुढे मुलाखतींतून वारंवार सांगितले आहे.

संगीत हे मनोरंजन नव्हे, हा त्यांचा आग्रह या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. मनोरंजन या कल्पनेत एक श्रेणीव्यवस्था गृहीत असते. ज्याचे रंजन व्हावयाचे तो वरच्या जागी आणि जो रंजन करतो तो खालच्या जागी असतो. दरबार संपला तरी ही श्रेणी संपली नव्हती. बैठकीतील यजमानाने आणि नंतर तिकीट घेणाऱ्या ग्राहकाने ती आपल्याकडे घेतली होती. गायक हा साधक आहे आणि स्वर हा परमतत्त्वाकडे नेणारा मार्ग आहे, असे म्हणताच ही श्रेणी कोसळते. गायक आणि श्रोता दोघेही रागापुढे सारख्याच नम्रतेने उभे राहतात. म्हणजे आध्यात्मिक भाषा येथे एक सामाजिक कार्यही करते. ज्या कलावंत स्त्रीला समाजाने प्रतिष्ठा नाकारली होती, तिला ती समाजाकडून मागावी लागू नये, अशी सोय ती भाषा करते.

मात्र एवढ्यावर थांबले तर या भाषेचा उलगडा केवळ समाजशास्त्रीय होईल. एखाद्या विचाराची गरज कोठून उत्पन्न झाली हे सांगितल्याने तो खरा आहे की नाही हे ठरत नाही. त्यासाठी गाण्याकडे वळावे लागते.

३

जयपूर-अत्रौली गायकीचे स्वरूप मराठीत सर्वांत नेटकेपणाने मांडले ते वामनराव देशपांडे यांनी. ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या त्यांच्या ग्रंथात स्वर आणि लय या दोन तत्त्वांच्या प्रमाणावरून घराण्यांची मांडणी केली आहे. किराणा घराणे स्वराकडे झुकते, आग्रा घराणे लयीकडे, आणि जयपूर घराण्यात या दोहोंचा समतोल साधलेला आहे, असा त्या मांडणीचा सारांश. व्यवसायाने हिशेबतपासनीस आणि मोगूबाईंकडे तालीम घेतलेल्या देशपांडे यांनी एका श्रवणपरंपरेला शास्त्राची शिस्त दिली. हा ग्रंथही महानगराचेच अपत्य म्हणता येईल. एकाच शहरात अनेक घराण्यांचे गायक नित्य ऐकावयास मिळाले, म्हणूनच अशी तुलना संभवली.

या निकषावर आमोणकर यांचे गाणे तपासले तर ते समतोलाच्या बिंदूपासून सरकलेले दिसते. मध्यलयीच्या आवर्तनात घट्ट विणलेली पेचदार तान, अखंड आकार आणि जोडरागांची गुंतागुंत ही या गायकीची ओळख. आमोणकर यांनी आलापाला संथ आणि विस्तीर्ण अवकाश दिला, मींडेला महत्त्व दिले आणि तालाच्या मात्रांशी असलेले स्वराचे बांधीव नाते सैल केले. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) यांच्याकडे त्या शिकल्या होत्या आणि त्या संस्काराचा या बदलाशी संबंध जोडला जातो. भेंडीबाजार हे नावच मुंबईच्या एका वस्तीचे आहे, ही गोष्टही येथे अर्थपूर्ण ठरते. घराण्याच्या निष्ठावंतांनी या बदलाला विचलन म्हटले. आमोणकर यांचे उत्तर असे की घराणे ही मर्यादा आहे, निष्ठा रागाशी असावी.

या उत्तराने वादाची भूमीच बदलते. घराण्याच्या व्यवस्थेत ‘असेच का गावे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘गुरूंनी असे शिकविले’ हे असते. ते उत्तर नाकारले की प्रमाणाची जागा रिकामी होते. तेथे केवळ वैयक्तिक आवड बसविली तर स्वैरतेचा आरोप खरा ठरतो, आणि श्रोत्यांची पसंती बसविली तर गाणे बाजाराच्या स्वाधीन होते. आमोणकर यांनी त्या जागी रागाचा भाव बसविला. राग ही भावाची एक सजीव सृष्टी आहे, गायकाने आपला अहंकार विसरून तिच्यात प्रवेश करावयाचा आहे आणि त्या सृष्टीला जे मानवेल तेवढेच गावयाचे आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे मर्म सांगता येईल. घराण्यापासून मिळालेल्या स्वातंत्र्याला या भूमिकेने स्वातंत्र्याहून कडक शिस्त लावली.

या अंतर्मुखतेला एक भौतिक बाजूही आहे. ध्वनिवर्धकाविना भरणाऱ्या बैठकीसाठी घडलेला आवाज खुला, भरदार आणि शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोहोचणारा असावा लागतो. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचा आवाज याची साक्ष आहे. मंद्रातील हलका, जवळजवळ स्वगत वाटावा असा आलाप, स्वरमंडळाच्या झंकारात विरत जाणारी मींड, एका श्रुतीवर रेंगाळणे, हे सारे हजार आसनांच्या सभागृहात श्रोत्यापर्यंत जाते ते यंत्राच्या साह्याने. एकांताची प्रचीती देणारे हे गाणे गर्दीच्या सभागृहाने आणि त्याच्या विद्युत्-साधनांनी शक्य केले. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. प्रत्येक काळातील अंतर्मुखतेला आपापली साधने लागतात. पोथीला शाई लागते तशी.

४

आता सिद्धान्ताकडे. ‘स्वरार्थ’ या शब्दातच मुख्य प्रतिज्ञा आहे: स्वराला अर्थ असतो. प्राचीन शास्त्रात हा अर्थ स्वरागणिक वाटून दिलेला आढळतो. षड्ज-ऋषभ वीर, रौद्र आणि अद्भुतासाठी, गांधार-निषाद करुणासाठी, मध्यम-पंचम हास्य-शृंगारासाठी, धैवत बीभत्स-भयानकासाठी, अशी ती वाटणी. आजच्या रागसंगीतात ती तंतोतंत लावणे अशक्य आहे, आणि याचा पुरावा आमोणकर यांच्या गाण्यातच मिळतो.

भूप हा त्यांचा अत्यंत गाजलेला राग. विलंबित ख्यालानंतर येणारी ‘सहेला रे’ ही त्यांची स्वतःची बंदिश रसिकांच्या पिढ्यांनी कंठस्थ केली. भूपात सा, रे, ग, प, ध असे पाचच स्वर आहेत आणि देशकारातही नेमके हेच पाच. भूपाचे लक्ष गांधाराकडे आणि पूर्वांगाकडे, देशकाराचे धैवताकडे आणि उत्तरांगाकडे. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. अर्थ सुट्या स्वरात असता तर या दोन रागांची भावसृष्टी एकच ठरली असती. ती तशी नाही, याचा अर्थ असा की अर्थ स्वरांच्या परस्परसंबंधात आहे: कोणत्या स्वरावर थांबावयाचे, कोणत्या स्वराला केवळ स्पर्श करावयाचा, पंचमावरून गांधारावर कोणत्या वाटेने यावयाचे, यांत आहे.

येथे आमोणकर यांचा विचार अनपेक्षितपणे बा. सी. मर्ढेकर यांच्या शेजारी येऊन उभा राहतो. कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी सिद्ध होते, असे मर्ढेकरांचे प्रतिपादन. त्यांच्या दृष्टीने संगीताचे माध्यम म्हणजे नादसंवेदना. भावनात्मक अर्थ हे साहित्याचे माध्यम. संगीतात भाव शोधणे त्यांना माध्यमांची सरमिसळ वाटली असती. आमोणकर भावाला संगीताचे प्रयोजन मानतात. दोघांची तत्त्वे विरोधी, तरी दोघांच्याही मते स्वरसंबंधांच्या बाहेरून रागाला काही जोडता येत नाही. फरक एवढाच की मर्ढेकरांसाठी संबंधांची रचना हे अंतिम स्थान आहे, तर आमोणकर यांच्यासाठी ते दार आहे.

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कलाविचाराची लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशी दोन टोके दाखविली आणि कलेची संकल्पना या दोहोंच्या ताणात घडते असे मांडले. आमोणकर यांची भूमिका हा ताण एकाच विधानात सामावू पाहते. राग माणसाच्या हर्षखेदांचा आहे, हे तिचे लौकिक टोक. त्या हर्षखेदांतून निघून गायक एका निर्वैयक्तिक शांततेपाशी पोहोचतो, हे अलौकिक टोक. आवाज काही काळ गेला असताना, तरुण वयातच, मनातल्या मनात स्वर गिरवीत आपण संगीताचे चिंतन केले, असे त्या सांगत. ऐकू न येणारा स्वरही स्वरच असतो, हा अनुभव ज्याने घेतला त्याला स्वराच्या मागे काही आहे असे वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि या सिद्धान्तात एक उणीव राहते. रसप्रक्रियेत विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांचा संयोग अपेक्षित असतो. नाट्यात ते पात्रे आणि प्रसंग पुरवितात. शुद्ध आलापात ते कोण पुरविणार? रागाचे वातावरण हे उत्तर वर्णन म्हणून समर्पक असले तरी स्पष्टीकरण म्हणून अपुरे आहे. शिवाय प्रत्येक रागाचा भाव निश्चित मानला तर त्याच गायिकेचा भूप एका मैफलीत प्रसन्न आणि दुसरीत व्याकूळ का वाटावा, हा प्रश्न उरतो. सिद्धान्त स्थिर भाव मागतो आणि गाणे तो स्थिर राहू देत नाही. या द्वंद्वात रसिकाने गाण्याची बाजू घेतली तर त्यात सिद्धान्ताचा अवमान नाही.

५

सर्वांत अवघड प्रश्न मात्र श्रोत्याचा आहे. श्रोत्यांचे बोलणे, उशिरा येणे, मध्येच उठणे यांवर आमोणकर भर मैफलीत संतापत, हे सर्वश्रुत आहे. त्याविषयीच्या आख्यायिकांची संख्या त्यांच्या गाण्याच्या विश्लेषणापेक्षा अधिक भरेल. हा लहरी स्वभाव होता असे म्हणून विषय संपविला जातो. पण रसविचाराच्या चौकटीत या संतापाला सैद्धान्तिक मूल्य आहे. रस ही सहृदयाच्या ठायी घडणारी घटना असेल, तर सहृदय नसताना गायिकेने काय करावे? दरबाराने हा प्रश्न निवडीने सोडविला होता. महानगर निवड करीत नाही. ते तिकीट विकते.

दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीवर काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक असे की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखांनी व्यापलेला असतो आणि म्हणून दुसऱ्या कशात त्याचे मन रमत नाही. लोकलच्या गर्दीतून, कचेरीची आणि घरची विवंचना घेऊन सभागृहात येणाऱ्या श्रोत्याचे याहून अचूक वर्णन करता येणार नाही. अधिक महत्त्वाचे आहे ते अभिनवगुप्ताने सांगितलेले निवारण. नाट्यात गीत, वाद्य आणि सुशोभित मंडप यांची योजना असते ती याच विघ्नासाठी. त्यांच्या योगाने जो सहृदय नाही त्याचेही अंतःकरण निर्मळ होते आणि तो सहृदय होतो, असे तो म्हणतो.

या मुद्द्याने आमोणकर यांच्या भूमिकेची चिकित्साही होते आणि समर्थनही. श्रोत्याने तयार होऊन यावे, ही त्यांची जाहीर अपेक्षा अभिनवगुप्ताच्या विचारात बसत नाही, कारण तेथे संगीत हे सहृदयतेचे फळ नसून तिचे साधन आहे. पण त्यांचे प्रत्यक्ष गाणे नेमके हेच साधन होते. तंबोरे मनाजोगे लागेपर्यंत घेतलेला दीर्घ वेळ, पहिल्या षड्जाची प्रतीक्षा, रागातील एकेक स्वर उघडण्यापूर्वीचा विलंब, या साऱ्यांतून विखुरलेल्या मनांचा समुदाय हळूहळू एकाग्र होत जाई. संतापाने जे साधले नसते ते आलाप साधत असे.

याच महानगरात अन्नपूर्णादेवी यांनी दुसरे उत्तर दिले. १९५०च्या दशकानंतर सार्वजनिक वादनातून त्या निवृत्त झाल्या, मुंबईतील घराच्या चार भिंतींत त्यांनी मोजक्या शिष्यांना विद्या दिली आणि १३ ऑक्टोबर २०१८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. सहृदयाचा प्रश्न त्यांनी दार लावून सोडविला. त्या निवडीची शुद्धता वादातीत आहे. परंतु सुरबहारावरील त्यांची साधना समाजाच्या कानी अत्यल्प आली, हे त्या शुद्धतेचे मोल होय. आमोणकर यांनी दार उघडे ठेवले आणि त्यातून येणाऱ्या प्रत्येकाशी झगडा मांडला. त्यांच्या अध्यात्माची कसोटी या झगड्यात होती.

६

महानगराने रागसंगीताकडून बरेच काही हिरावून घेतले आहे. रागाचा प्रहर आणि नोकरदाराचा दिवस यांचा मेळ बसत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिवर्धकांवर निर्बंध आणले आणि रात्रभर चालणाऱ्या जाहीर मैफली आक्रसत गेल्या. पहाटेचे राग जागरणाने प्राप्त होत, ते आता रविवारच्या सकाळच्या कार्यक्रमांत वेळापत्रकाने प्राप्त होतात. या ऱ्हासाची नोंद घेतलीच पाहिजे. पण महानगराने एक गोष्ट दिलीही आहे, ती म्हणजे अनोळखी श्रोता. त्याचे कूळ, त्याची तालीम, त्याची पात्रता कोणी विचारीत नाही.

आमोणकर मैफलीच्या ओघात कधी सोयराबाईंच्या अभंगाकडे वळत. देवळाचे दार जिच्यासाठी बंद होते अशा संत कवयित्रीचे शब्द, जिच्या आईला कलावंत म्हणून पुरेशी प्रतिष्ठा मिळाली नव्हती अशा गायिकेच्या कंठातून, कोणीही येऊन बसावे अशा सभागृहात उमटत. या प्रसंगात अद्वैत ही कल्पना पोथीतून उतरून व्यवहारात येते. रागरससिद्धान्ताला जे स्पष्ट करता आले नाही ते येथे घडताना दिसते. पात्रता तपासून दिला जाणारा प्रसाद असे संगीताचे स्वरूप उरत नाही, ते पात्रता निर्माण करणारे सामर्थ्य ठरते.

म्हणून आमोणकर यांच्या विचाराचे मूल्यमापन करताना त्यांच्या दोन वारशांत भेद करणे आवश्यक आहे. एक वारसा सिद्धान्ताचा आहे. त्यातील विभावांचा प्रश्न, भावाच्या निश्चिततेचा आग्रह आणि श्रोत्याविषयीची कठोरता यांची चर्चा पुढील अभ्यासकांनी निर्भीडपणे केली पाहिजे. केवळ आदराने तो ग्रंथ मिटून ठेवला जाईल. दुसरा वारसा गाण्याचा आहे. त्याने असे दाखविले की दरबार, देऊळ आणि घराणे यांचा हवाला संपल्यावरही, तिकिटाच्या आणि यंत्राच्या शहरात, रागाला स्वतःच्या बळावर माणसांना एकाग्र करता येते. हे दाखविण्यासाठी त्यांना अध्यात्माच्या भाषेची गरज पडली. ती भाषा ज्याला मान्य नाही त्यालाही, त्या भूपातील गांधारावर आवाज स्थिरावल्यानंतर सभागृहात पसरणाऱ्या शांततेचे स्पष्टीकरण द्यावे लागेल.